डेटा सेंटरला वीज आणि थंडावा पुरवणाऱ्या कंपन्यांचे शेअर: ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या बिनखिडक्यांच्या इमारती, म्हणजे सर्व्हर ठेवलेली डेटा सेंटर, रोज लोकलमधून पाहणारे, त्यांच्या आवारात केबल ओढणारे किंवा वागळे इस्टेटमध्ये त्यांच्यासाठी यंत्रं विकणारे वाचक गेली काही वर्षं आम्हाला या विषयावर लिहीत आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही. खाली येणारी कंपन्यांची नावं समजावून सांगण्यापुरती आहेत, "घ्या" किंवा "विका" म्हणून नाहीत.

१. सर्व्हर सोडले तर डेटा सेंटरमध्ये लागतं तरी काय?

विजेच्या मागे मागे चालत जा, म्हणजे यादी आपोआप तयार होते. उच्च दाबाची लाइन आवारात येते, तिथे ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो. पुढे एचटी (उच्च दाबाचं) पॅनेल, मग एलटी (कमी दाबाचं) पॅनेल, मग यूपीएस (वीज गेली तरी भार चालू ठेवणारं यंत्र) आणि त्याच्या बॅटऱ्या, तिथून बसडक्टने (धातूच्या पट्ट्यांच्या बंद वाहिनीने) वीज रॅकपर्यंत, म्हणजे सर्व्हरच्या कपाटांपर्यंत. बाहेर डीजी सेटची (डिझेल जनरेटरची) रांग. सर्व्हरमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ती उपसायला गच्चीवर पाणी थंड करणारे चिलर, खाली पंप आणि पाइप, हॉलमध्ये तापमान नेमकं राखणारे प्रिसिजन एसी.

डीजी सेट कशाला, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी कळवा-पडघा भागातल्या उच्च दाबाच्या लाइन ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी पहिली काही मिनिटं यूपीएस भार पेलतं आणि तेवढ्यात डीजी सुरू होऊन भार घेतो. ही साखळी एकदा जरी तुटली, तरी डेटा सेंटर चालवणाऱ्याचं नाव जातं. म्हणून या उपकरणांत तो सहसा काटकसर करत नाही.

२. इमारत तर गोदामासारखी दिसते. यंत्रांवर एवढा पैसा का जातो?

कारण सगळं गरजेपेक्षा जास्त घ्यावं लागतं. समजा सर्व्हरचा भार १० मेगावॅट आहे. थंडावा आणि इतर खर्च धरून एकूण भार १५ मेगावॅट झाला, तर एकूण भागिले सर्व्हरचा भार हे गुणोत्तर १.५ येतं. या धंद्यात त्याला पीयूई म्हणतात. यूपीएसची व्यवस्था '२एन' असेल, म्हणजे पूर्ण क्षमतेचे दोन स्वतंत्र संच, तर १० मेगावॅटसाठी २० मेगावॅटचे यूपीएस बसवावे लागतात. डीजी सेट प्रत्येकी २ मेगावॅटचे धरले तर १५ मेगावॅटला ८ लागतात, वर २ राखीव, एकूण १०.

आता थंडाव्याकडे बघा. पीयूई १.५ वरून १.४ वर आणला तर सतत १ मेगावॅट वाचतो. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ही ८७.६ लाख युनिटं झाली. युनिटला ८ रुपये हा माझा अंदाज धरा, म्हणजे वर्षाला सुमारे ७ कोटी रुपये. चांगल्या चिलरसाठी ग्राहक जास्त किंमत द्यायला तयार होतो तो या हिशोबामुळे. याच हिशोबातून चांगला माल बनवणाऱ्या कंपनीला भाव ठरवण्याची ताकद मिळते, आणि गुंतवणूकदाराने शोधायची ती हीच गोष्ट.

३. भारतात शेअर मिळतात अशा कंपन्या कोणत्या?

डीजी सेटमध्ये पुण्याच्या दोन: कमिन्स इंडिया आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं) आणि वीज वितरणात एबीबी इंडिया, सीमेन्स, श्नायडर इलेक्ट्रिक इन्फ्रास्ट्रक्चर. ट्रान्सफॉर्मरमध्ये हिताची एनर्जी इंडिया, सीजी पॉवर, सीमेन्स एनर्जी इंडिया. थंडाव्यात ब्लू स्टार आणि व्होल्टास. ब्लू स्टारचा कारखाना वाड्याला आहे, म्हणजे जिल्हा विभागण्याआधी तो ठाणे जिल्ह्यातच होता. बॅटऱ्यांमध्ये एक्साइड आणि अमरा राजा, केबलमध्ये पॉलिकॅब आणि केईआय.

यादी लांब आहे खरी. पण यातली एकही कंपनी फक्त डेटा सेंटरवर चालत नाही. वाटा किती, ते कसं शोधायचं हे प्रश्न ७ मध्ये आहे.

४. वागळे इस्टेटमध्ये यूपीएस आणि प्रिसिजन एसी बनवणाऱ्या व्हर्टिव्हचं मोठं कार्यालय आहे, अंबरनाथला कारखाना आहे. मग तिचा शेअर डीमॅटमध्ये का सापडत नाही?

कारण व्हर्टिव्हची भारतातली कंपनी खासगी आहे. शेअर बाजारात नोंद आहे ती अमेरिकी मूळ कंपनीची, न्यूयॉर्कला. पूर्वी हा धंदा इमर्सनचा भाग होता. २०१६ मध्ये तो वेगळा होऊन व्हर्टिव्ह झाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात आला. अंबरनाथला तयार झालेल्या यूपीएसचा किंवा प्रिसिजन एसीचा नफा शेवटी त्या हिशोबात जातो. तो शेअर घ्यायचा तर परदेशी गुंतवणुकीचा मार्ग धरावा लागतो. त्यातले खाचखळगे प्रश्न १३ मध्ये वाचा.

५. श्नायडरचा शेअर इथे मिळतो. तो घेतला म्हणजे यूपीएसच्या धंद्यात वाटा मिळाला ना?

नाही, आणि हा गैरसमज मला सर्वात जास्त वेळा दिसतो. श्नायडरचे यूपीएस एपीसी या नावाने ओळखले जातात. एपीसी कंपनी श्नायडरने २००७ मध्ये घेतली. भारतात तो धंदा समूहाच्या खासगी कंपनीत आहे. बाजारात नोंदलेली श्नायडर इलेक्ट्रिक इन्फ्रास्ट्रक्चर मुख्यतः मध्यम दाबाचं स्विचगिअर आणि ट्रान्सफॉर्मर विकते. डेटा सेंटरला तेही लागतात, पण यूपीएसच्या ऑर्डरची बातमी वाचून हा शेअर घेणारा भलत्याच धंद्याचा मालक होतो.

एल अँड टीचंही तसंच. महाप्याच्या जुन्या ओळखीमुळे लोक आजही एल अँड टीला स्विचगिअरची कंपनी समजतात. तो विद्युत विभाग ऑगस्ट २०२० मध्ये श्नायडर आणि टेमासेक यांना सुमारे १४,००० कोटी रुपयांना विकला गेला. आता तो माल लॉरिट्झ नुडसेन या नावाने येतो आणि एल अँड टीच्या भागधारकाचा त्याच्याशी संबंध उरलेला नाही.

साइटवर काम करणाऱ्यांना एक सवय सांगतो. पॅनेलच्या दारावर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर नेमप्लेट असते. केव्हीए (क्षमता), व्होल्टेज, बनावटीचं वर्ष यांच्याबरोबर बनवणाऱ्याचं पूर्ण नावही तिच्यावर असतं. ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचा: 'लिमिटेड' आहे की 'प्रायव्हेट लिमिटेड'. मोठ्या अक्षरातला ब्रँड सगळ्यांना दिसतो, पण नफा जातो त्या बारीक अक्षरातल्या कंपनीकडे. ते नाव बाजारात नोंदलेल्या नावाशी जुळलं, तरच पुढचा अभ्यास करण्यात अर्थ आहे.

६. ठाणे-बेलापूर रोडवरच्या सीमेन्सच्या कारखान्याचा नफा कोणत्या शेअरमध्ये येतो?

२०२५ पासून उत्तर दोन शेअरमध्ये विभागलं गेलंय. सीमेन्स लिमिटेडमधून ऊर्जेचा धंदा वेगळा झाला, भागधारकांना एकास एक शेअर मिळाला आणि सीमेन्स एनर्जी इंडिया १९ जून २०२५ रोजी बाजारात आली. कळव्याचा मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा कारखाना एनर्जी कंपनीकडे गेला. मध्यम आणि कमी दाबाचं स्विचगिअर, म्हणजे डेटा सेंटरच्या आत लागणारं सामान, सीमेन्स लिमिटेडकडे राहिलं. एकाचा आकडा पाहून दुसऱ्याचा शेअर घेऊ नका. जुन्या वर्षांची विक्री-नफ्याची तुलना करतानाही विभाजनाआधीचे आकडे तसेच वापरू नका.

७. कंपनीच्या विक्रीत डेटा सेंटरचा वाटा किती, हे कुठे कळतं?

हिशोबपत्रकांत सहसा वेगळं दाखवत नाहीत. तिमाही निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी जे बोलते त्याचा मजकूर बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळावर पाच कामकाजी दिवसांत येतो. तिथे 'डेटा सेंटर' हा शब्द शोधा. मागच्या चार तिमाह्यांचे मजकूर शेजारी ठेवून वाचा. व्यवस्थापन टक्केवारी देतं का, तीच टक्केवारी पुढच्या वेळी टाळतं का, ते बघा. टाळलेलं उत्तरही पुष्कळ सांगून जातं.

थंडाव्याच्या कंपन्यांत वाटा ओळखणं जास्त महत्त्वाचं आहे. ब्लू स्टार आणि व्होल्टास दोघींच्या नफ्यावर घरगुती एसीचा मोठा प्रभाव असतो. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, उन्हाळा लवकर आटोपला आणि एसीची विक्री मार खाऊन बसली. त्या तिमाहीत रबाळ्यात कितीही चिलर चढले असते तरी निकाल सावरला नसता. तुम्ही डेटा सेंटर समजून घेतलेला शेअर प्रत्यक्षात हवामानावर हलत असेल, तर ते आधीच माहीत असलेलं बरं.

८. "नवी मुंबईत इतक्या मेगावॅटचं डेटा सेंटर" अशी बातमी आली की पुरवठादारांच्या विक्रीत ते कधी दिसतं?

घोषणा, जमीन, वीज जोडणीची मंजुरी, बांधकाम आणि मग टप्प्याटप्प्याने यंत्रं, असा क्रम असतो. मोठे ट्रान्सफॉर्मर आणि डीजी सेट यांना तयार व्हायला वेळ लागतो म्हणून त्यांच्या ऑर्डर आधी निघतात. यूपीएस, प्रिसिजन एसी हॉलच्या टप्प्याप्रमाणे येतात. रॅकजवळचं सामान सगळ्यात शेवटी, कारण भाडेकरू ठरल्याशिवाय ते कुणी घेत नाही.

देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा वाटा मुंबई महानगर प्रदेशात आहे, त्यामुळे घोषणा इथल्याच जास्त ऐकू येतात. घोषित मेगावॅट आणि सुरू झालेले मेगावॅट यांत वर्षांचं अंतर असू शकतं. कंपनीच्या हातात आलेली पक्की ऑर्डर एवढीच गोष्ट मोजा.

९. ऑर्डर बुक विक्रमी, नफाही वाढला, तरी निकालाच्या दिवशी शेअर पडला. हे कसं?

कारण किमतीत त्याहून जास्त आशा आधीच भरलेली होती. एक हिशोब स्वतः करून बघा. शेअरचा पी/ई (शेअरची किंमत भागिले प्रति शेअर नफा) ८० आहे आणि नफा पाच वर्षं दरसाल २५ टक्क्यांनी वाढला असं धरा. नफा जवळपास ३.०५ पट होईल. पण तोवर उत्साह ओसरून पी/ई ४० वर आला, तर किंमत फक्त १.५३ पट होते. वार्षिक परतावा ९ टक्क्यांच्याही खाली. कंपनीने सगळं बरोबर केलं, तरी तुमच्या हाती मुदत ठेवीपेक्षा फार वेगळं काही आलं नाही.

म्हणून "धंदा वाढेल का?" याच्या जोडीला "किती वाढ आधीच किमतीत आहे?" हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. मला विचाराल तर या क्षेत्रात चूक बहुतेक वेळा कंपनी निवडण्यात होत नाही, किमतीत होते.

१०. नफा दिसतो पण कर्ज का वाढतं?

माल गेला, बिल फाडलं, विक्री नोंदली गेली, पण पैसे मिळाले नाहीत. प्रकल्पाची कामं घेणाऱ्या कंपन्यांत हे नेहमीचं आहे. ग्राहक काही टक्के रक्कम काम पूर्ण होऊन चाचणी पार पडेपर्यंत अडकवून ठेवतो, उशीर झाला तर दंड कापतो. रोख प्रवाहाच्या पत्रकात 'कामकाजातून आलेली रोख' हा आकडा तीन-चार वर्षांच्या निव्वळ नफ्याशी ताडून बघा. सातत्याने फार कमी असेल तर थांबा. फक्त यंत्र विकणाऱ्या कंपनीपेक्षा यंत्रासकट उभारणी करून देणाऱ्या कंपनीत ही तपासणी जास्त काटेकोर हवी.

तांब्याच्या भावाचाही इथेच विचार करा. ट्रान्सफॉर्मर, केबल, बसडक्ट सगळ्यांत तांबं किंवा ॲल्युमिनियम भरपूर. भाव वाढला तर वाढीव रक्कम ग्राहकाकडून घेण्याची तरतूद करारात आहे का, हे व्यवस्थापनाच्या बोलण्यात सापडतं.

११. लिक्विड कूलिंग आलं की चिलर बनवणाऱ्या कंपन्या बुडणार का?

हा आजचा सर्वात अवघड प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

साध्या रॅकचा भार ५ ते १० किलोवॅट असायचा. एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या ७२ जीपीयूच्या (म्हणजे अशा ७२ चिपच्या) एका रॅकचा भार १२० किलोवॅटच्या घरात जातो. एवढी उष्णता हवेने उपसता येत नाही, म्हणून चिपवर बसवलेल्या थंड पट्टीतून द्रव फिरवतात. त्यासाठी पंप, उष्णता विनिमयक आणि द्रव वाटून देणारी युनिटं लागतात. म्हणजे नवा बाजार उभा राहतो. श्नायडरने अमेरिकेतली लिक्विड कूलिंगची कंपनी मोटिवेअर घेतली ती यासाठीच.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२६ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं की त्यांची नवी यंत्रणा ४५ अंशांच्या पाण्यावर चालेल आणि त्यासाठी चिलर लागणार नाही. अमेरिकेतल्या चिलर कंपन्यांचे शेअर लगेच घसरले. पाणी ४५ अंशांपर्यंत चालणार असेल, तर ऐरोलीतल्या मे महिन्याच्या दुपारीही नुसत्या पंख्यांच्या ड्राय कूलरने काम भागू शकतं, कारण आपल्याकडे पारा सहसा चाळिशीच्या आतच असतो.

पण सगळं एकदम बदलत नाही. बँकांची, सरकारी कामाची, साठवणुकीची यंत्रं हवेवरच चालतात. यूपीएसच्या आणि बॅटरीच्या खोल्यांनाही थंड हवा लागते. शिवाय आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत बाष्पीभवनाने थंड करण्याचा फायदा कमी मिळतो आणि पाण्याची टंचाई वेगळीच. त्यामुळे चिलर बरीच वर्षं विकले जातील असं माझं मत आहे, फक्त प्रत्येक मेगावॅटमागे किती, हा आकडा कमी होऊ शकतो. ज्या कंपनीचा सगळा भर चिलरवर आहे आणि द्रव शीतकरणाचं एकही उत्पादन नाही, तिला महाग पी/ई देऊ नये.

विजेच्या बाजूलाही असाच बदल येतोय. एनव्हिडियाने २०२७ पासून ८०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) वीजपुरवठ्याच्या रचनेची घोषणा केली आहे. तसं झालं तर आजच्या एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेच्या) यूपीएसची जागा काही प्रमाणात बदलेल. जुन्या साच्यात अडकलेल्या पुरवठादारांना ते जड जाईल.

१२. सगळं नीट चाललेलं असताना शेअर एका दिवसात किती पडू शकतो?

२७ जानेवारी २०२५ रोजी डीपसीक या चिनी एआय मॉडेलच्या बातमीने व्हर्टिव्हचा शेअर एका दिवसात सुमारे ३० टक्के पडला. कंपनीची एकही ऑर्डर त्या दिवशी रद्द झाली नव्हती. एप्रिलमध्ये आयातशुल्काच्या भीतीने तो आणखी उतरून साठ डॉलरच्या आसपास आला. ऑक्टोबरपर्यंत जानेवारीच्या उच्चांकाच्याही वर गेला. या प्रवासात टिकून राहायचं असेल तर मुलीच्या फीचे किंवा घराच्या हप्त्याचे पैसे इथे नकोत. आणि उसनवारीवर तर मुळीच नको.

१३. थेट अमेरिकी शेअर घ्यायचे असतील तर कर आणि नियम काय?

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो विवरणपत्र भरताना समायोजित होतो, पण तोवर पैसा अडकतो. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी तुमच्या स्लॅबप्रमाणे. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापले जातात आणि त्याची सवलत इथे मिळते.

तुलनेसाठी, भारतीय नोंदणीकृत शेअरला एका वर्षानंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि वर्षाच्या आत २० टक्के.

दोन गोष्टी लोक विसरतात. विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवणं सक्तीचं आहे, नफा झाला नसला तरी. दुसरं, अमेरिकेबाहेरच्या गुंतवणूकदाराचं निधन झालं तर तिथल्या ६०,००० डॉलरच्या वरच्या शेअरवर ४० टक्क्यांपर्यंत वारसा कर लागू शकतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा.

१४. डीजी सेटचे प्रदूषणाचे नियम कडक झाले. कमिन्स, किर्लोस्करला डेटा सेंटरमध्ये त्याचा फायदा होतो का?

जेवढा वाटतो तेवढा नाही. १ जुलै २०२३ पासूनचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी-४ प्लस निकष ८०० किलोवॅटपर्यंतच्या सेटना लागू आहेत. मोठ्या डेटा सेंटरचे सेट बहुधा त्याच्या वरचे असतात. नियमामुळे झालेली दरवाढ सोसायट्या, हॉस्पिटलं, दुकानं यांच्या सेटमध्ये दिसते. डेटा सेंटरची कमाई मोठ्या इंजिनांतून येते, ती वेगळी मोजा.

१५. डेटा सेंटरचं नाव लावून एसएमई आयपीओ (लहान कंपन्यांची पहिली शेअर विक्री) येतात. अर्ज करू का?

आधी माहितीपत्रकातली पहिल्या पाच ग्राहकांची टक्केवारी वाचा. एकाच ग्राहकाकडून निम्मी विक्री येत असेल, तर तुम्ही त्या ग्राहकाच्या मर्जीवर पैसे लावताय. मग येणे रकमेचे दिवस, म्हणजे विक्रीनंतर पैसे हाती यायला किती दिवस लागतात, ते बघा (प्रश्न १०). शेअर लॉटमध्येच (ठरलेल्या संख्येच्या गठ्ठ्यातच) विकावे लागतात, आणि पडत्या बाजारात घेणारा सापडत नाही. व्हॉट्सॲपवर टीप देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा, नसेल तर संवाद तिथेच संपवा.

१६. माझा धाकटा भाऊ पुरवठादार कंपनीच्या विक्री विभागात आहे. मोठी ऑर्डर जाहीर होण्याआधी त्याला कळते. त्यावर शेअर घेतला तर?

घेऊ नका. जाहीर न झालेली आणि किमतीवर परिणाम करू शकणारी माहिती वापरून व्यवहार करणं सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार गुन्हा आहे. घेणारा अडकतो आणि सांगणाराही. भावाची नोकरी जाईल ते वेगळंच. साइटवर सगळ्यांना दिसणारी गोष्ट, जसं की कोणत्या कंपनीचे सेट क्रेनने उतरतायत, ती पाहून विचार करायला हरकत नाही.

१७. मी ठाण्यातल्या अमेरिकी कंपनीत आहे आणि पगारासोबत मूळ कंपनीचे शेअर मिळतात. आणखी घेऊ का?

पगार, बोनस आणि शेअर तिन्ही एकाच कंपनीवर अवलंबून असताना आणखी घेणं मला पटत नाही. मंदी आली तर तिन्ही एकाच तिमाहीत हलतात. मिळालेल्या शेअरची त्या दिवशीची किंमत पगाराचं उत्पन्न म्हणून आधीच करपात्र झालेली असते, त्यामुळे लगेच विकले तर नवा कर जवळपास काहीच नसतो. विकण्याआधी कंपनीची व्यवहार-खिडकी (कर्मचाऱ्यांना शेअर विकायची मुभा असलेला काळ) उघडी आहे ना, ते अनुपालन विभागाकडून लेखी विचारून घ्या, आणि शेअर हातात असतील तोवर प्रश्न १३ मधली परदेशी मालमत्तेची नोंद दरवर्षी भरा.